बॅकअपला स्वस्तातला सॉलिड स्टेट अ‍ॅम्प: नवा छोटा की जुना मोठा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच जणांचा बँड, हिंदी-मराठी गाणी, मुख्य अ‍ॅम्प ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो (काचेच्या ट्यूबवर चालणारा, अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत). कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गणपतीत तो दुसऱ्याच गाण्याला गप्प झाला आणि उरलेला कार्यक्रम तुम्ही गिटार सरळ मिक्सरमध्ये घालून कसाबसा रेटून नेलात. आता १५ हजारांत बॅकअप म्हणून सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प घ्यायचाय. दुकानदार नवा, २० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा आणि आत ढीगभर इफेक्ट असलेला अ‍ॅम्प सुचवतोय. एक मित्र त्याचा जुना ६० वॅटचा, १२ इंची स्पीकरचा, साधासुधा अ‍ॅम्प विकतोय. कुठला घ्यावा?

मित्राचा घ्या. मात्र पैसे मोजण्याआधी अर्धा तास नीट तपासा. कसं ते पुढे सांगतो. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि लोकांचे अ‍ॅम्प दुरुस्तही करतो, त्यामुळे स्टेजवरून आणि टेबलावरून, दोन्हीकडून पाहिलेलं लिहितोय.

तुम्ही विचारताय आवाजाबद्दल, पण तुमची खरी अडचण वेळेची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सणासुदीच्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, एरवी नाही. त्यात आरती लांबते, बक्षिसं वाटायची असतात, नगरसेवक उशिरा येऊन दोन शब्द म्हणून वीस मिनिटं बोलतात. तुमची सुपारी दीड तासाची असली तरी हातात तासाभराचाच वेळ राहतो, आणि अ‍ॅम्प बिघडून गेलेली दहा मिनिटं थेट तुमच्या गाण्यांतून वजा होतात. म्हणून बॅकअपचं काम एकच: निवेदिका पुढच्या गाण्याची ओळख करून देईपर्यंत गिटारचा आवाज परत आला पाहिजे. अ‍ॅम्पवरचं प्रत्येक बटण या एका कसोटीवर लावून बघा. आतले इफेक्ट त्या दोन मिनिटांत काही कामाचे नाहीत, कारण तुमचे पेडल पायाशी आहेतच. उलट अनोळखी अ‍ॅम्पवर घाईत भलताच प्रीसेट लागला तर निस्तरायला आणखी एक काम.

आता वॅटचं गणित, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. या हिशेबानं २० आणि ६० वॅटमध्ये फरक जेमतेम ५ डेसिबलचा. फार नाही. खरा फरक स्पीकर पाडतो. उदाहरणादाखल सेलेस्टियन कंपनीचा १२ इंची ग्रीनबॅक स्पीकर बघा, १ वॅटला १ मीटरवर तो ९८ डेसिबल देतो. त्यांचाच व्हिंटेज ३० देतो १००. छोट्या सरावाच्या अ‍ॅम्पमधला ८ इंची स्पीकर यांच्यापेक्षा पाच-सहा डेसिबल सहज खाली असतो. सहा डेसिबल खाली म्हणजे वॅट एक चतुर्थांश केल्यासारखंच. वॅट आणि स्पीकर दोन्हीकडून मार बसला की २० वॅटचा डबा ड्रमर समोर शरण जातो. शिवाय ८ इंचीला खालचे सूर पेलत नाहीत. जाड तारेवर रिदम धरलात की तो भकभकतो.

आणि ट्यूबचे वॅट नि सॉलिड स्टेटचे वॅट वापरायला सारखे नसतात. मोजायला सारखेच, पण ट्यूब अ‍ॅम्प ताकदीबाहेर ढकलला की आवाज हळूहळू दाटत जातो आणि तेच आपल्याला आवडतं, म्हणून तुम्ही ४० च्या ४० वॅट वापरून घेता. सॉलिड स्टेटची पॉवर स्टेज हद्दीपर्यंत स्वच्छ राहते आणि हद्द ओलांडली की लाटेचा माथा सपाट कापते. कानाला ते चरचरीत लागतं. म्हणून तिथे वर मोकळी जागा ठेवावीच लागते. तुमच्या ४० वॅटच्या ट्यूबला पर्याय म्हणून ५०-६० वॅट आणि १२ इंची स्पीकर ही मी खालची मर्यादा धरतो.

याला परिस्थितीप्रमाणे अपवाद आहेत. तुमच्याकडे खरा ड्रमसेट आहे की ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम), हे तुम्ही लिहिलेलं नाही. ऑक्टोपॅड असेल तर स्टेजवरचा आवाज मुळात साउंडवाल्याच्या हातात असतो, अ‍ॅम्पला माइक लागतो आणि ३० वॅटमध्येही भागतं. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागी तर मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण उघडताच येत नाही. पण बाणेर-बालेवाडीच्या पबमध्ये, जिथे साउंड म्हणजे भिंतीवरचे दोन स्पीकर आणि गिटारला माइकच नाही, तिथे अ‍ॅम्पनंच खोली भरावी लागते. तुम्ही दोन्हीकडे वाजवत असाल तर वाईटातल्या वाईट जागेचा विचार करून घ्या.

सॉलिड स्टेट म्हणजे तडजोड, असं वाटून घेऊ नका. रोलँडचा जॅझ कोरस जेसी-१२० हा १९७५ पासून चालत आलेला सॉलिड स्टेट अ‍ॅम्पच आहे आणि क्लीन, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजासाठी लोक आजही तोच मागतात. (वजन २८ किलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी फक्त लांबून नमस्कार करावा.) आपल्या गाण्यांत गिटारवाल्याला लागतं काय? क्लीन आर्पेजिओ, कोरस, तुटक रिदम, एखादा सोलो. यातलं नव्वद टक्के काम चांगला क्लीन चॅनेल करतो. त्यामुळे जुन्या अ‍ॅम्पचा डिस्टॉर्शन चॅनेल भिकार असेल तर खुशाल असू द्या. पीव्ही बँडिट, फेंडर फ्रंटमन, मार्शल एमजी, जुना रोलँड क्यूब, पाटी कुठलीही असो, क्लीन चॅनेलवर मोठ्यानं वाजवून ठरवा.

एक गोष्ट मात्र घरी करून ठेवायची. ट्यूब अ‍ॅम्पपुढे गोड वाटणारं तुमचं ओव्हरड्राइव्ह पेडल सॉलिड स्टेटपुढे माशीसारखं गुणगुणेल. पेडलचा टोन आणि गेन थोडा उतरवा, अ‍ॅम्पचा ट्रेबल खाली, मिड वर. बरी जागा सापडली की नॉबच्या टोकाशी पांढऱ्या मार्करनं खूण करा. स्टेजवर अंधारात कानानं शोधत बसायला वेळ नसतो.

आता मित्राच्या अ‍ॅम्पकडे वळू. मित्र असला तरी तपासायचं, आणि स्वतःची गिटार नि स्वतःची केबल घेऊन जायचं.

आधी बंद अवस्थेत मागची बाजू बघा. २२०-२४० व्होल्ट लिहिलंय ना? अमेरिकेतून कुणाच्या तरी सामानात आलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प स्वस्त मिळतो, पण त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वाहावा लागतो आणि एखाद्या दिवशी कुणीतरी मदत म्हणून अ‍ॅम्पच सरळ बोर्डात खुपसतो. असला बॅकअप नको. मग मेन्सच्या पिनला तिन्ही खुंट शाबूत आहेत का बघा. अर्थचा जाड खुंट कापलेला किंवा आतून अर्थची वायर काढलेली असेल, तर कुणीतरी घूं-घूं घालवायला हा उद्योग केलाय असं समजा. वायर बदलणं सोपं आहे, पण ती घूं-घूं कशामुळे होती हे विचारा.

मग गिटार न लावता, सगळे नॉब शून्यावर ठेवून, अ‍ॅम्प चालू करा आणि नजर स्पीकरच्या कागदावर ठेवा. समोरून जाळी असेल तर मागून टॉर्च मारा. हलकीशी धप होऊन कोन किंचित हलला आणि जागेवर आला, तर ठीक. कोन बाहेर किंवा आत सरकून तिथेच अडकून राहिला आणि सोबत जाड गुरगुर सुरू झाली, तर क्षणात बंद करा. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि पॉवर सप्लायचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमधून वाहत असतो. काही सेकंदांत कॉइल जळते. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या दोन टोकांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसतील, ते चालतात. व्होल्टमध्ये आकडा दिसला की नमस्कार करून घरी या.

हे पार पडलं की वाजवा. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुतेक वेळा जाते. इनपुट जॅकमध्ये पिन घालून ती हळूच वर-खाली करा. आवाज तुटत असेल तर जॅकचं सोल्डरिंग सुटलंय, कारण बऱ्याच स्वस्त अ‍ॅम्पांत प्लॅस्टिकचा जॅक थेट सर्किट बोर्डावर बसवलेला असतो आणि केबलला बसलेला प्रत्येक हिसका तो झेलतो. दुरुस्ती सोपी, भाव कमी करायला कारण उत्तम.

याहून मजेशीर भानगड इफेक्ट लूपची, म्हणजे बाहेरचे इफेक्ट मध्ये जोडायला दिलेल्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकची. अनेक अ‍ॅम्पांत, तुम्ही लूप वापरा नाहीतर न वापरा, सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्र्याच्या कॉन्टॅक्टमधूनच पुढे जातो. वर्षानुवर्षं त्या जॅकमध्ये पिन जात नाही, पुण्याचे चार पावसाळे जातात, पत्रा काळा पडतो. मग अ‍ॅम्प कधी कुजबुजतो, कधी अचानक ओरडतो आणि मालक कंटाळून विकायला काढतो. अशा वेळी सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलनं जोडून बघा. आवाज भरून आला तर अ‍ॅम्प धडधाकट आहे, फक्त जॅक मळलाय. चेहरा गंभीर ठेवून भाव ठरवा. मित्राला खरं सांगायचं की नाही हे तुमच्या मैत्रीवर.

शेवटची परीक्षा उष्णतेची. नेहमीच्या आवाजात, जमलं तर त्याहून थोडं चढं, अर्धा तास वाजवा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला जोड, गार असताना पकडून असतो आणि तापला की सोडतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये सापडत नाही. अधूनमधून वरून मुठीनं दोन ठोसे द्या. मागचं हीट सिंक कोमट-गरम झालं तर चालेल, हात ठेववत नाही इतकं तापलं तर नको. मंडपात तशीही हवा कोंडलेली असते. त्यात अ‍ॅम्पमागे सजावटीचा पडदा टेकला की चांगला अ‍ॅम्पही थर्मल कटऑफला जातो, म्हणजे तापून आपोआप बंद पडतो.

जुन्या साध्या अ‍ॅम्पचा आणखी एक फायदा म्हणजे तो दुरुस्त होतो. टीडीए ७२९३ किंवा एलएम ३८८६ जातीची एक चिप नाहीतर मोठ्या ट्रान्झिस्टरची जोडी, बाकी मोठाले भाग. सोल्डरिंग जमणाऱ्या कुणालाही कळेल अशी रचना. सुटे भाग आपल्या तपकीर गल्लीत विचारले तर मिळतात, फक्त चिप नकली नाही ना एवढं बघून घ्यावं. नव्या मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या) अ‍ॅम्पांचे सर्किट बोर्ड इतके बारीक असतात की वॉरंटी संपली की बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. बॉसचा कटाना वगैरे अ‍ॅम्प वाजवायला उत्तम आहेत, मी स्वतः आनंदानं वाजवतो. बजेट वाढवून मुख्य अ‍ॅम्प म्हणून घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता थोडं विजेबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. गिटारच्या तारा केबलमार्गे अ‍ॅम्पच्या बॉडीला आणि तिथून अर्थला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरमार्गे त्याच्या अर्थला. मंडपात अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर असेल आणि एकाचं अर्थिंग नावापुरतंच असेल, तर बोटं तारांवर आणि ओठ माइकला लागले की मधला पूल तुम्ही. पावसात पाय ओले असतील तर विचारूच नका. साउंड चेकआधी मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवा, एक टोक तारांना, दुसरं माइकच्या जाळीला. शून्याच्या आसपास असेल तर वाजवा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर साउंडवाल्याला बोलवा आणि बोर्ड बदलेपर्यंत गिटार गळ्यात घालू नका. मुख्य आणि बॅकअप दोन्ही अ‍ॅम्पना साउंडवाल्याच्या बोर्डावरूनच लाइन घ्या. लायटिंगवाल्याचा बोर्ड जवळ असतो आणि तो प्रेमानं देऊही करतो, पण नाही म्हणा. जनरेटरवर मोठे दिवे लागले-विझले की त्या लाइनवर व्होल्टेज नाचतं, आणि फेज वेगळी निघाली तर वरचा धोका आणखी वाढतो.

लाइन आउटबद्दल, म्हणजे अ‍ॅम्पमधून सरळ मिक्सरकडे जायच्या जॅकबद्दल, थोडक्यात. जुन्या अ‍ॅम्पला असेल तर छान, माइकची गरज नाही. पण हेडफोन आउटला लाइन आउट समजून गिटारची साधी मोनो केबल लावू नका. स्टिरिओ जॅकची एक बाजू त्यानं शॉर्ट होते, आणि वर बहुतेक अ‍ॅम्पांत हेडफोनची पिन गेली की स्पीकर बंद होतो. मिक्सरकडे जाताना मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) ठेवा, निम्मी घूं-घूं तिथेच थांबते.

दुसरा अ‍ॅम्प वाहायचाच नसेल तर स्पीकरचा आवाज देणारं प्रीअ‍ॅम्प पेडल घेऊन थेट मिक्सरमध्ये जाता येतं. त्या दिवशी तुमची गिटार मिक्सरमधून पत्र्यासारखी वाजली ती मध्ये स्पीकरची गाळणी नसल्यामुळे. असं पेडल तेवढं काम करतं. मॉनिटर चांगले असतील तर हा मार्ग हलका आणि शहाणा आहे. पबमधल्या त्या दोन स्पीकरवर मात्र तुमचा बेसिस्ट, गायिका आणि गिटार सगळे एकाच बादलीत.

स्टेजवर मांडणी अशी करा. बॅकअप मागे ठेवलेला, मेन्सची पिन लावलेली, व्हॉल्यूम शून्य. सॉलिड स्टेटला ट्यूबसारखं तापावं लागत नाही, त्यामुळे बंद ठेवला तरी चालतो. त्याच्या इनपुटला एक लांब केबल आधीच लावून तिचं मोकळं टोक पेडलबोर्डशेजारी टेपनं चिकटवा. आवाज गेला की गिटारमधली केबल काढा, ही लावा आणि बॅकअप चालू करून व्हॉल्यूम वर घ्या. पेडल मध्ये आणू नका. बिघाड अ‍ॅम्पचा आहे, पेडलचा आहे की अडॅप्टरचा, हे त्या क्षणी तुम्हाला ठाऊक नसतं, आणि कोरडा का होईना पण आवाज सुरू झाला की गाणं पुढे जातं. पेडल पुढच्या निवेदनात जोडा. एकदा सरावात ड्रमरला सांगून ठेवा की त्यानं तुम्हाला न कळवता मुख्य अ‍ॅम्प बंद करायचा, आणि गाणं न थांबवता हे जमतंय का बघा.

पैशांचं म्हणाल तर सगळे १५ हजार अ‍ॅम्पवर घालू नका. मित्राशी १० च्या आसपास जमवा. उरलेल्यात डीआय बॉक्स, दोन चांगल्या केबल, साधा मल्टिमीटर, अर्थ असलेला एक दणकट एक्स्टेन्शन बोर्ड, अ‍ॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर नेताना घालायला जाड रेक्झिनचं कव्हर, आणि दोन्ही अ‍ॅम्पचे जादा फ्यूज. फ्यूजचा आकडा अ‍ॅम्पच्या मागे छापलेला असतो. आकड्याआधी टी असेल तर तो स्लो-ब्लो, एफ असेल तर फास्ट. टीच्या जागी एफ घातला तर चालू करतानाच उडू शकतो. जास्त आकड्याचा फ्यूज, चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा मुळीच घालू नका.

तुमचा ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्तीला दिला नसेल तर तोच मागचा फ्यूज आज काढून उजेडात धरा. तार नुसती तुटलेली असेल तर नवा घालून एकदा चालू करून बघायला हरकत नाही, स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करून. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर नवा फ्यूज वाया घालवू नका. आत काहीतरी शॉर्ट आहे, बहुधा आउटपुटची ट्यूब. अ‍ॅम्प स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात. ट्यूबचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या आणि तो काळा फ्यूजही सोबत द्या.